नांदुऱ्याच्या घरातली ओल

प्रिय संजू,

पाकीट हातात पडलं की तू आधी मागची बाजू पाहशील आणि लगेच मला फोन लावशील, की आजच्या काळात पत्र कोण पाठवतं म्हणून. फोन लावू नकोस. आधी हे सगळं एका बैठकीत वाच, आणि वाचून होईपर्यंत वकिलांना काही कळवू नकोस. मोबाइलवर लिहिलं असतं तर दोन ओळी वाचून तू ते त्यांच्याकडे ढकललं असतंस, हे मला ठाऊक आहे. कागद पुढे ढकलायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ मला हवा आहे.

दिवाळीनंतर तुझा फोन आला होता. तू म्हणालीस, धम्मा, कुलदीप घर पाडायला निघालाय. मी कोर्टातून मनाई आणलीय म्हणून उघड पाडता येत नाही, तर आतून मारतोय. मधली भिंत ओली व्हायला लागलीय आणि तो म्हणतो मला काही माहीत नाही. तू इंजिनिअर आहेस, तुला भिंत पाहून कळेल. एकदा जा आणि मला लेखी दे. तुझ्या आवाजात राग होता, पण त्याच्या खाली भीती होती, कारण त्याच भिंतीला तुझ्या आईचा, काकूंचा पलंग आहे. तू ते बोलली नाहीस.  पण बुलढाण्याहून मोताळ्याच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. खरं सांगायचं तर तुझ्या भावाला, कुलदीपला दोषी धरूनच मी निघाले होते. पुरावा तेवढा गोळा करायचा होता.

त्याला मी खोटं सांगितलं. जिल्ह्यातल्या कापसाच्या काळातल्या जुन्या घरांवर कॉलेजसाठी लिहितेय, तुमचं घर मोजायचंय, असं म्हणाले. तो म्हणाला, "या न धम्माताई, तुमचंच घर आहे." पण चहाचा कप माझ्या हातात देताना त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "संजूताईनं पाठवलं का?" मी नाही म्हणाले. त्याने मान हलवली. त्याचा विश्वास बसला नव्हता आणि ते त्याने लपवलंही नाही.

घर तुला पाठ आहे. तरी मला जसं दिसलं तसं सांगते, कारण तू त्यात वाढलीस आणि मी ते मोजलंय. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याचं वळण संपलं की ते एकदम समोर येतं. तुझ्या पणजोबांनी, रंगरावांनी, ते पहिल्या महायुद्धाच्या तेजीत बांधलं. गल्लीतल्या बाकीच्या अडत्यांनी जुन्या वळणाची घरं घातली. रंगराव मुंबईला कापसाच्या सौद्यासाठी जाऊन आले होते आणि तिथली ऑफिसं त्यांच्या डोळ्यांत भरली होती. म्हणून पुढे ओतीव लोखंडाचे खांब, वर लाकडी सज्जा, खिडक्यांच्या डोक्यावर अर्धगोल रंगीत काचा, आणि पेढीची खिडकी अशी कोनात, की गादीवर बसल्या बसल्या मालधक्क्यावर कोणाच्या गाठी चढतायत ते दिसावं. म्हणजे शेजाऱ्यावर नजर ठेवायची सोय त्यांनी नकाशातच करून घेतली होती. छताला सागाच्या तुळया नाहीत. रेल्वेने काढून टाकलेले रूळ त्यांनी लिलावात घेतले, ते भिंतीवरून भिंतीवर टाकले आणि दोन रुळांच्या मधे विटांची उथळ कमान भरून घेतली. त्यावर चुन्याचा कोबा. मे महिन्यातही त्या घरात खालच्या खोलीत पंख्याशिवाय झोप लागते ती त्यामुळे.

पण रंगरावांची खरी करामत जमिनीखाली आहे. आपला हा पूर्णेकाठचा पट्टा खारा. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी मचूळच लागतं. त्यांनी गच्चीवरचं सगळं पावसाचं पाणी एका तोंडाशी आणलं, मधल्या जाड भिंतीच्या पोटात भाजक्या मातीचे नळ एकावर एक बसवले आणि ते पाणी चौकाखालच्या टाक्यात सोडलं. वर्षभर गोड पाणी. टाक्याच्या तोंडावर दगडी झाकण आणि झाकणाला कुलूप. पुढे नगरपालिकेचं पाणी बरं यायला लागलं, टाकं मागे पडलं. तुझ्या बाबांनी चौकातलं तोंड आणि टाक्यात उतरणारं नळांचं टोक सिमेंटने बुजवून टाकलं आणि गच्चीचा उतार बाहेरच्या पाइपाकडे वळवला. भिंतीतले नळ मात्र तसेच राहिले. त्यांचं गच्चीवरचं तोंडही तसंच राहिलं, वर एक दगड ठेवून.

ते कुलूप मी पाहिलेलं आहे. अमरावतीला आपण हॉस्टेलच्या एका खोलीत राहत होतो, त्या वर्षी दिवाळीला तू मला घरी घेऊन आलीस. तुझ्या आजीने माझं गाव विचारलं, मी देऊळघाट सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. मग त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि बैठकीतले सगळेच आपापल्या कामाला लागले. तू तेव्हा वर बॅग ठेवायला गेली होतीस, म्हणून हे तुला माहीत नाही. काकूंनी कमरेची किल्ली काढली, टाकं उघडलं, बालदी सोडली, आणि ते पाणी पितळी फुलपात्रात भरून सासूच्या देखत माझ्या हातात दिलं. ते पाणी फार गार होतं. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या हॉस्टेलात खोलीची किल्ली कोणाजवळ राह्यते?" आमच्याजवळच, मी म्हणाले. "अन् मनात आलं तवा कुलूप लावून बाहेर जाता येते?" येतं, मी म्हणाले. मला वाटलं, लेकीच्या काळजीने विचारतायत.

आता भिंतीचं सांगते. पेढीची खोली आणि काकूंची खोली यांच्या मधली ती भिंत. सगळ्या रुळांची टोकं तिच्यावर टेकलेली, म्हणजे ती गेली तर वरचा मजला गेला. काकूंच्या बाजूने तिला माणसाच्या उंचीपर्यंत सिमेंटचा नवा गिलावा केलेला होता आणि वर घाईघाईने चुना फासलेला. संजू, चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंट लावणं म्हणजे ओल आत कोंडून टाकणं. भिंत मारायचीच असेल तर याहून सोपा उपाय नाही. गिलाव्याच्या वर मिठासारखा पांढरा लोणा फुलला होता आणि दोन रुळांची टोकं गंजून फुगली होती, त्यांच्याभोवती विटा तडकल्या होत्या. दिवाळीनंतर थेंबभर पाऊस नाही. घरातला नळ त्या भिंतीच्या आसपासही नाही. मी बोट लावून चाखून पाहिलं. लोणा कुठलाही खारटच लागतो, त्याचं काही नाही. पण त्याच्या शेजारी गिलाव्याच्या फटीतून ताजं पाणी पाझरत होतं. तेही खारट होतं. पावसाचं पाणी गोड, नगरपालिकेचं गोड. खारं पाणी त्या घरात फक्त बोअरचं, आणि बोअरचे नळ दोनच, एक परसात आणि एक गच्चीवर. म्हणजे कोणीतरी गच्चीवरून भिंतीच्या पोटात पाणी सोडत होतं, आणि ते रोज सोडत होतं. नळांचं खालचं टोक बुजवलेलं, मग ते पाणी भिंतीशिवाय जाणार कुठे.

मी कुलदीपला म्हणाले, गच्ची पाहायची आहे. तो म्हणाला, "वर नका जाऊ ताई. आईचं वाळवण असते, तिले कोणी गेलेलं चालत नाही." जिन्याचं दार लोटलेलं होतं. मी मनात म्हटलं, आईच्या नावाआड किती दिवस लपशील. दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस टेप घेऊन आला आणि दोघं पेढीत उभे राहून भिंतीकडे पाहत हळू आवाजात बोलत होते. मी दारात दिसताच बोलणं थांबलं. तो माणूस टेप गुंडाळून, मला नमस्कार करून निघून गेला. कोण होता, विचारलं तर कुलदीप म्हणाला, असाच ओळखीचा. जेवताना त्याने मला विचारलं, "ताई, हे जे तुम्ही लिहून राह्यल्या, ते कोणाले लेखी देणार का?" त्याचं बायको-पोरांचं बिऱ्हाड शाळेसाठी खामगावला. तो सकाळी मार्केट यार्डात जातो तो संध्याकाळी येतो. दिवसभर त्या एवढ्या घरात काकू एकट्या. आणि मी जेव्हा म्हणाले, काकू, पलंग तेवढा समोरच्या भिंतीला सरकवू या, तेव्हा त्यांनी कुलदीपकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असू दे. मले तिथंच झोप लागते." त्या बघण्यात मला भीती दिसली. मुलाची भीती. हे सगळं मी त्याच दिवशी तुला कळवणार होते. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुलदीप यार्डात गेला होता. मी पेढीत रुळांची मापं घेत होते आणि परसातली बोअरची मोटर सुरू झाली. धुणं सकाळीच झालं होतं, भांडी घासून झाली होती. मी ओळखलं. याने कोणीतरी माणूस ठेवलाय, तो मागच्या दाराने येतो. मी पायातल्या चपला काढल्या, फोनचा कॅमेरा सुरू केला आणि जिना चढले. जिना जराही करकरला नाही. वरचं दार ढकललं.

काकू पाटावर बसल्या होत्या. डोक्यावर पदर, शेजारी सुपात मूगवड्या. नळाच्या तोंडावरचा दगड बाजूला सरकवलेला, आणि त्या अंधाऱ्या भोकात हिरवा रबरी पाइप सोडून त्यांनी तो हाताने धरून ठेवला होता. तुळशीला पाणी घालावं तशा शांत.

"आली का," त्या म्हणाल्या. "मोटर बंद करू नको. आत्ताच लावली."

मी फोन धरलेला हात खाली घेतला. मी विचारलं, "काकू, हे काय करता?"

"पानी घालून राह्यली." मग माझ्याकडे नीट पाहून त्या म्हणाल्या, "मले वाटलं तू पहिल्याच दिवशी ओळखशीन. भिंत चाटून पाह्यली तवा मी दारात होती."

मी त्यांच्या शेजारी कोब्यावर बसले आणि समजावून सांगायला लागले, की ही भिंत साधी नाही, सगळं छत हिच्यावर आहे, हिला पाणी पाजलं तर हे तुमच्याच अंगावर येईल, झोपेत. त्यांनी ऐकून घेतलं. मग एखाद्या जाणत्या माणसाला विचारावं तसं मला विचारलं, "पडायच्या आधी भिंत आवाज देते न? म्हनून तं मी पलंग जवळ ठेवला. आवाज आला का बाहेर येईन."

संजू, इथून पुढचं मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते तुला पटणार नाही.

त्या म्हणाल्या, "लग्न होऊन आली तो दुष्काळाचा साल व्हता. सासूनं उंबरठ्यावरच किल्ली देल्ली. म्हने, आजपासून पान्याची मालकीन तू. मालकीन कायची माय, राखनदार. गल्लीतल्या बाया मांगच्या दारी हंडे घेऊन उभ्या राहेत, अन् मी आतून म्हनो, पानी सरलं. टाकं अर्धं भरेल राहे. त्यायले माहीत व्हतं अन् मलेही. माही माय बिमार पडली तवा मी माहेरी, धाड गावाले गेली, तं सासऱ्यानं मानूस धाडला, किल्ली घेऊन ये म्हनून. किल्ली त्या मानसाजवळ देली असती, तं ते चालत नव्हतं, घरच्या सुनेनंच उघडावं लागे. मी वापस आली. माय गेली तवा मी खाली चौकात बालदी ओढून राह्यली होती. मंग यायनं टाकं बुजवलं. मले वाटलं, चला, सुटली. तं आता घर राखाले बसवलं."

मी विचारलं, "तुम्ही हे मुलांना सांगितलं का कधी?"

"काऊन नाही सांगतलं? कुलदीपले म्हनलं, मले धाड गावाले माह्या बहिनीजवळ, सिंधूजवळ राहू दे, तिच्या अंगनात दोन खोल्या खाली हायेत. तो हासला. म्हने, एवढं घर सोडून तुले तिथं करमन का. संजूले फोनवर म्हनलं. ते म्हने, आई, असं बोलू नको, तू बाहेर पडली का कुलदीप घर विकते. मंग ते वकिलाचं कागद आलं. कुलदीपनं मले वाचून दाखोलं. आई जिती हाये तोवर घराले कोनी हात लावाचा नाही." त्यांनी पाइप या हातातून त्या हातात घेतला. "म्हंजे काय झालं, तूच सांग. मी मरन तवाच माही सुटी. तं म्या म्हनलं, दोघाइतून एक कोनीतरी आधी जाऊ दे. मी नाही तं हे घर."

त्या रडल्या नाहीत. तुझ्यावर किंवा कुलदीपवर चिडल्याही नाहीत. मी मात्र तिथे बसून एकेक गोष्ट उलटी लावत होते. जिन्याचं दार, वाळवण, पलंग, ते कुलदीपकडे बघणं. ती मुलाची भीती नव्हती. आपण पकडले जाऊ याची ती काळजी होती.

मी उठून गच्चीच्या दाराजवळचं मोटरचं बटण बंद केलं आणि परत येऊन बसले. मला वाटलं, त्यांना धीर द्यावा. म्हणाले, काकू, घाबरू नका, अजून वेळ गेलेली नाही. विटा पक्क्या आहेत, चुना चांगला आहे. सिमेंट काढून टाकलं, रुळांची दोन टोकं बदलली आणि पाणी बंद झालं की उन्हाळ्यापर्यंत भिंत सुकेल. हे घर अजून आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. चांगली बातमी द्यावी तसं मी हे सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ त्या सुपातल्या वड्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे पडत नाही?"

नाही, मी म्हणाले.

"एवढं पानी घालून?"

फोनचा कॅमेरा सगळा वेळ चालू राहिला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यात कोबा आणि माझी साडी दिसत होती आणि त्यांचा आवाज होता. ते मी तिथेच पुसून टाकलं. तुझ्या वकिलांना ते फार आवडलं असतं, दोन्ही बाजूंच्या वकिलांना.

संध्याकाळी कुलदीप आला. मी काकूंना म्हणाले होते, की मी कोणालाच काही सांगणार नाही, पण भिंतीला पाणी पाजणंही चालू देणार नाही. तेव्हा तुम्हीच ठरवा. त्यांनी ठरवलं. त्याने हातपाय धुतले, चहा घेतला, आणि भाजी काय केली ते सांगावं तसं त्यांनी त्याला सांगून टाकलं. तो पेढीच्या पायरीवर बसला.  मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "ताई, मी चारदा गिलावा केला त्या भिंतीले." टेपवाला माणूस गवंडी होता. कुलदीप पाचव्यांदा तीच भिंत दुरुस्त करायचा अंदाज काढत होता आणि ते माझ्यापासून लपवत होता, कारण ओल दिसली की तू त्यालाच धरशील, हे त्याला माहीत होतं. सिमेंटने भिंत आणखी बिघडते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि ऐक, त्याला काय वाटत होतं माहीत आहे? त्याला वाटत होतं की तू कोणाला तरी हाताशी धरून हे करवतेस, त्याच्यावर केस पक्की करायला. मी आले तेव्हा त्याला खात्रीच पटली होती. तू त्याच्यावर डोळा ठेवून, तो तुझ्यावर, मी दोघांच्या मधे टेप घेऊन, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिच्याकडे आपल्यातलं कोणी पाहत नव्हतं.

घर विकायचं त्याच्या मनात आहे का, हे मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "आहे. आज नाही, पण आहे. येवढं घर मले एकट्याले झेपत नाही. पण आईच्या अंगावर पाडून विकीन, असं ताईले वाटलं कसं?" या प्रश्नाचं उत्तर तू त्याला दे. 

तू मागितलं होतंस ते लेखी या पत्राबरोबर वेगळ्या कागदावर जोडलंय. त्यात एवढंच आहे, की भिंत ओलीमुळे कमकुवत झाली आहे, ओलीचं कारण बंद केलेलं आहे, सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करावा, रुळांची गंजलेली टोकं बदलावीत, तोपर्यंत खालून टेकू द्यावेत. टेकू माझ्यासमोर लागले. काकूंचा पलंग कुलदीपने आणि मी उचलून बाजूला ठेवला. कोणी पाणी घातलं, हे त्या कागदात नाही. ते तुला फक्त इथे कळतंय. मी तुला पुरावा आणून देणार होते आणि तुझ्या हातात हे देतेय, याची मला कल्पना आहे. तुला राग येईल. माझ्यावर आला तर चालेल.

एक सांगायचं राहिलं. हे मी बुलढाण्याला माझ्या टेबलावर बसून लिहीत नाहीये. धाडला, सिंधूमावशींच्या ओट्यावर बसून लिहितेय, आणि काकू माझ्या समोर आहेत. भिंतीचं काम होईपर्यंत म्हणून मी त्यांना गाडीतून इथे आणलं. निघताना कुलदीपने त्यांची पिशवी उचलून गाडीत ठेवली. केव्हा परत येशील, हे त्याने विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या आता परत जाणार नाहीत, संजू. हे तुला सांगायचं त्यांच्याच्याने होत नव्हतं, कारण फोनवर तुम्ही दोघी बोलायला लागलात की दुसऱ्या वाक्याला घर येतं. म्हणून त्या म्हणाल्या, तू लिही, अन् मले वाचून दाखव. प्रत्येक परिच्छेद मी वाचून दाखवला आहे. राखणदार हा शब्द मी गाळला होता, तो त्यांनी परत घालायला लावला. केस मागे घे, असं त्या म्हणत नाहीत. "ते तुमचं भावाबहिनीचं हाये, तुमी पाहा. फक्त त्यात माह्यं नाव नको," एवढंच म्हणाल्या. आज इथला बाजार होता. दोघी बहिणी सकाळीच जाऊन आल्या, आणि आता काकू मेथी निवडत बसल्या आहेत. तुला आणखी काही कळवायचं का, म्हणून मी विचारलं. मेथीवरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "लिही, इथं दोनच खोल्या हायेत, पन तिच्यापुरती जागा हाये. चार दिवस राह्याले ये म्हनाव. एकटीच ये म्हनाव, कागद नको आनू."

त्या शब्दांखाली माझं नाव घालते,
तुझीच,
धम्मशीला